परदेशात फॅशन शिकायचंय? इंटर्नशिपपासून उलटं मोजत या

लंडन, पॅरिस, मिलानच्या फॅशन कॉलेजांत तैवानी विद्यार्थ्यांचा राबता जुना आहे. त्यांचे सल्ले व्हिडिओतून, सीनियरच्या सीनियरकडून आपल्या मुलामुलींपर्यंत पोचतात. पोर्टफोलिओबद्दलचे सल्ले तर उत्तमच असतात. पण व्हिसा, पैसे आणि इंटर्नशिप यांबद्दलचे सल्ले तैवानी पासपोर्टला लागू पडणारे असतात. ‘बँकेचे कागद आधी लावावेच लागत नाहीत’, ‘पॅरिसला मुलाखतीला व्हिसा कशाला’, ‘डिग्रीनंतर वर्किंग हॉलिडे व्हिसा काढ की’ ही तिन्ही वाक्यं तैपेईच्या मुलीने म्हटली तर बरोबर आहेत. पुण्याच्या मुलीने ती खरी मानली तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

इथे ब्रिटन मध्यभागी ठेवलंय. फ्रान्स, इटली आणि अमेरिकेचा नियम जिथे वेगळा पडतो, तिथे तो सांगितला आहे. आकडे २०२५-२६ चे आहेत. पैसे भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळ पुन्हा उघडा, कारण ही शुल्कं दरवर्षी हलतात.

१. कॉलेजच्या नावाआधी इंटर्नशिपचा नियम बघा

या धंद्यात पहिली नोकरी बहुतेक वेळा जिथे इंटर्न होतात तिथल्या ओळखीतून लागते. तैपेईत जन्मलेला जेसन वू न्यूयॉर्कच्या पार्सन्समध्ये शिकताना नार्सिसो रॉड्रिगेझकडे इंटर्न होता, आणि वाट सगळीकडे हीच आहे. तेव्हा देश निवडताना पहिला प्रश्न हा: शिकत असताना पूर्णवेळ स्टुडिओत बसायची कायदेशीर मुभा कधी आणि किती?

ब्रिटनमध्ये अभ्यासक्रमाचाच भाग असलेली, गुण असलेली प्लेसमेंट, म्हणजे कंपनीत जाऊन केलेलं प्रत्यक्ष काम, पूर्णवेळ करता येते. पदवीच्या अभ्यासक्रमात तिचा वाटा साधारण निम्म्यापर्यंत चालतो. एकेक वर्षाच्या प्लेसमेंटचे कोर्स म्हणूनच सोन्याच्या मोलाचे.

फ्रान्समध्ये विद्यार्थी, कॉलेज आणि कंपनी अशा तिघांच्या सह्यांचा ‘कॉन्वान्सियों द स्ताज’ हा करार असल्याशिवाय इंटर्नशिप नाहीच. एका कंपनीत एका शैक्षणिक वर्षात जास्तीत जास्त सहा महिने. दोन महिन्यांपेक्षा जास्त असेल तर मोबदला सक्तीचा आहे. २०२५ मध्ये तो तासाला किमान ४.३५ युरो होता. पॅरिसचं भाडं त्यात भागत नाही, पण हक्क म्हणून तो मिळतोच.

इटलीत कॉलेजच्या करारातली अभ्यासक्रमी इंटर्नशिप चालते, पण तिला पैसे मिळतीलच असं नाही. विद्यार्थी परवान्यावर काम आठवड्याला २० तास, वर्षाला १,०४० तास.

अमेरिकेत एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावर ‘सीपीटी’ ही शिकतानाच्या कामाची परवानगी मिळते, आणि ती काम सुरू होण्याआधी तुमच्या आय-२० या कॉलेजने दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर नोंदलेली हवी. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने वापरलीत तर डिग्रीनंतरच्या कामाची ‘ओपीटी’ परवानगी गेलीच म्हणून समजा. शिवाय फॅशन डिझाइन ही सहसा स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) शाखा धरत नाहीत, त्यामुळे इंजिनिअर चुलतभावाला मिळालेली जादा दोन वर्षं तुम्हाला मिळत नाहीत. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

२. कोर्स निवडताना कुठे फसगत होते

युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स लंडन या एका छत्राखाली सहा कॉलेजं आहेत. फॅशनवाल्यांना त्यातली दोन माहीत असतात: किंग्ज क्रॉसचं सेंट्रल सेंट मार्टिन्स आणि २०२३ मध्ये स्ट्रॅटफर्डला हललेलं लंडन कॉलेज ऑफ फॅशन. पहिल्याचा कल कल्पनेकडे. दुसऱ्यात पॅटर्न कटिंग, बिझनेस, मेकअप, पादत्राणं असे धंद्याला चिकटून असलेले कोर्स भरपूर. ज्याला कटिंग मास्टरसारखा हात कमवायचाय त्याने केवळ नावासाठी पहिल्याच्या मागे धावू नये. वेस्टमिन्स्टर, किंग्स्टन, नॉटिंगहॅम ट्रेंट ही नावंही यादीत असू द्या. लंडनबाहेर राहण्याचा खर्च बराच उतरतो.

अर्ज भरण्याआधी कोर्सच्या पानावर तीन गोष्टी शोधा.

पहिली, प्लेसमेंटचं वर्ष कोर्समध्ये पहिल्यापासून आहे की नंतर जोडायचं आहे. नंतर जोडलंत तर व्हिसा वाढवावा लागतो, म्हणजे व्हिसा शुल्क आणि आरोग्य अधिभार (सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम) पुन्हा.

दुसरी, प्लेसमेंट कॉलेज मिळवून देतं की विद्यार्थ्याने शोधायची. बहुतेक ठिकाणी तुम्हीच शोधायची असते. कॉलेज फक्त मंजुरी देतं. माहितीपत्रकात ‘इंडस्ट्री प्लेसमेंट’ छापलेलं असतं, पण त्याचा अर्थ जागा राखून ठेवलीय असा नव्हे.

तिसरी, कोर्सची पातळी. बारावीनंतर अनेकांना आधी वर्षभराचा फाउंडेशन करायला सांगतात. हात सुधारायला तो छान असतो, पण पदवीपेक्षा खालच्या पातळीचा असल्याने त्यात आठवड्याला २० नव्हे, १० तासच काम करता येतं. शिवाय त्याच्या व्हिसासाठी साधी आयईएलटीएस चालत नाही, यूकेव्हीआय या ब्रिटिश व्हिसा खात्यासाठीची वेगळी परीक्षा बुक करावी लागते. चुकीची परीक्षा दिली की पुन्हा फी आणि पुन्हा तारीख. बीए डिझाइनला साधारण ६.० ते ६.५ बँड लागतो.

बीएचे अर्ज यूकास या ब्रिटनच्या सामाईक प्रवेश-पोर्टलमधून, जानेवारीतल्या मुदतीआधी. एमएचे थेट कॉलेजकडे. एमए करणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना: वर्षभराच्या एमएमध्ये उन्हाळा हा प्रबंधाचा काळ असतो, सुट्टी नव्हे. म्हणजे जून ते ऑगस्ट पूर्णवेळ इंटर्नशिप करण्याचा बेत कागदावरच राहतो. इंटर्नशिप हवी असेल तर १५ महिन्यांचा किंवा दोन वर्षांचा एमए पाहा.

३. पोर्टफोलिओ: सुंदर चित्रं नकोत, डोकं दाखवा

आपल्याकडचे क्लासेस रंगवलेल्या लांब पायांच्या बाहुल्या शिकवतात. प्रवेश समिती तशी पानं झरझर उलटते. तिला पाहायचं असतं की एका कल्पनेवरून तुम्ही कुठून कुठे गेलात आणि वाटेत काय मोडलंत. साधारण २० ते ३० पानांत तीन किंवा चार प्रकल्प पुरे. नेमकी पानसंख्या कोर्सगणिक बदलते. एका प्रकल्पात संशोधन, कच्ची स्केचेस, स्टँडवर म्हणजे शिंप्याच्या पुतळ्यावर कापड टाचून केलेलं ड्रेपिंग, ट्वाल म्हणजे मांजरपाटात शिवलेला कच्चा नमुना, कापडाचे तुकडे आणि शेवटचा पोशाख. यात शेवटच्या पोशाखाला सगळ्यात कमी जागा द्या.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा विषय आहे नऊवारीचा काष्टा. पहिल्या पानावर जुन्या पेंटिंगमधली बाई चिकटवू नका. नेसताना पदोपदी काढलेले आठ फोटो लावा, निऱ्या कुठे धरल्या, काष्टा कुठे खोचला ते बाणांनी दाखवा आणि बाजूला मापं लिहा. दुसऱ्या पानावर तेच मांजरपाटात अर्ध्या मापाच्या स्टँडवर करून पाहा. तिसऱ्यावर पहिला ट्वाल, पुढून, बाजूने आणि मागून. टाचण्या तशाच दिसू देत. बसल्यावर मागे ओढ बसते ना? तो सुरकुतलेला भाग जवळून टिपा आणि खाली लिहा, ‘इथे ताण येतो’. चौथ्यावर उपाय: सदऱ्याच्या काखेत घालतात तसा चौबगला पायांच्या मध्ये घातलेला दुसरा ट्वाल आणि त्या तुकड्याचा सपाट पॅटर्न. पाचव्यावर उरेब (तिरकं) कापून पाहिलेला तिसरा प्रयत्न, तो का सोडून दिला त्याच्या दोन ओळींसह. आता सहाव्या पानावर रेखाटलेल्या पँटला अर्थ आला.

पैठणीचा काठ जॅकेटला लावून ‘वारसा’ असं शीर्षक देणारे पोर्टफोलिओ ढिगाने येतात आणि त्याच ढिगात राहतात. कापडाच्या आत शिरलात तर गोष्ट वेगळी. येवल्याच्या मागावर काठ आणि अंग कसे जोडतात, तो जोड वेगळ्या धाग्यात केला तर काय होतं, हे दाखवा. तैवानच्या विद्यार्थ्यांकडून उचलण्यासारखी एक गोष्ट आहे. त्यांचा देश खेळाच्या आणि पावसाळी कपड्यांना लागणाऱ्या तांत्रिक कापडांसाठी प्रसिद्ध आहे, आणि त्यांच्यातले हुशार लोक तेच कापड पोर्टफोलिओत आणतात. आपल्या हाताशी इचलकरंजीचे यंत्रमाग आहेत, सोलापूरची चादर आहे, मुंबईचं आरीकाम, म्हणजे आकडीच्या सुईचं भरतकाम आहे. आरीकाम करता येत असेल तर त्याचे नमुने ठळक लावा. ३० मार्च २०२३ रोजी पॅरिसच्या दिओर ब्रँडने गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला तो मुंबईच्या चाणक्य इंटरनॅशनलच्या भरतकामाच्या जोरावर. पॅरिसचे लोक हे काम ओळखतात आणि त्याची किंमतही जाणतात.

तांत्रिक बाजू थोडक्यात:

- फोटो खिडकीच्या उजेडात, मागे पांढरा कागद. ट्यूबलाइटखाली मांजरपाट पिवळट दिसतं.
- स्केचबुकची पानं सरळ वरून टिपा. कडा कापून गुळगुळीत करू नका.
- प्रत्येक कापडाच्या तुकड्याखाली धाग्याचा प्रकार आणि जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम) लिहा.
- समूहाने केलेलं काम असेल तर तुमचा वाटा नेमका कोणता ते लिहा.
- मजकूर कमी. एका पानावर तीन ओळींपेक्षा जास्त लिहावं लागत असेल तर चित्रात काहीतरी कमी आहे.

एआयने काढलेली चित्रं घालायची असतील तर तसं स्पष्ट लिहा. मुलाखतीत ‘हा डार्ट (कापडातली शिवलेली चिमटी) इथे का’ असं विचारलं की लपवलेलं उघडं पडतंच.

४. पैसे आणि व्हिसा: इथे कागद बोलतात

सेंट्रल सेंट मार्टिन्ससारख्या ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याची वर्षाची फी ३० हजार पौंडांच्या आसपास धरा. शेवटच्या वर्षी कलेक्शनचं कापड, छपाई, विणकामाचं सूत, मॉडेल, फोटो हा सगळा खर्च तुमचाच असतो आणि तो फीमध्ये कुठेच दिसत नाही.

व्हिसासाठी पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि राहण्याचे पैसे दाखवायचे असतात. नोव्हेंबर २०२५ पासून लंडनसाठी महिन्याला १,५२९ पौंड, नऊ महिन्यांचे १३,७६१ पौंड. लंडनबाहेर महिन्याला १,१७१. ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस हवी, मध्ये एक दिवसही कमी नको. २८ वा दिवस अर्जाच्या तारखेआधी ३१ दिवसांच्या आत यायला हवा. इथेच तैवानी मैत्रिणीचा सल्ला अंगाशी येतो. तैवानी पासपोर्टधारक ज्या यादीत आहेत त्यांना हे कागद सहसा अर्जासोबत जोडावे लागत नाहीत. भारत त्या यादीत नाही. क्षयरोगाच्या तपासणीचंही तसंच. भारतातून जाणाऱ्यांना सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर मान्यताप्राप्त केंद्रातलं प्रमाणपत्र लागतं, आणि ते सहा महिनेच चालतं. मुंबईत अशी केंद्रं आहेत. घराजवळच्या डॉक्टरांचा एक्स-रे चालत नाही.

आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड, आणि तो संपूर्ण मुदतीचा एकरकमी आधी भरायचा असतो. तीन वर्षांच्या बीएचा व्हिसा मागचे-पुढचे महिने धरून सव्वातीन वर्षांच्या आसपास जातो. शेवटच्या अपुऱ्या तुकड्याचा निम्मा आकार धरून हिशेब २,७१६ पौंडांवर येतो. व्हिसा शुल्क २०२५ मध्ये ५२४ पौंड होतं.

लागणारे कागद:

- पासपोर्ट आणि कॉलेजने दिलेला सीएएस (प्रवेशनिश्चितीचा) क्रमांक
- सीएएसमध्ये नमूद केलेल्या गुणपत्रिका, प्रमाणपत्रं आणि इंग्रजीचा निकाल
- क्षयरोग तपासणीचं प्रमाणपत्र
- बँक स्टेटमेंट किंवा मंजूर कर्जाचं पत्र
- पैसे आईवडिलांच्या खात्यात असतील तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र
- जन्मदाखला मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर

पैसे दाखवण्यात आपल्याकडे ठरावीक चुका होतात. काका, मामा किंवा आजोबांच्या खात्यातले पैसे चालत नाहीत, ते आधी तुमच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात आणून २८ दिवस मुरू द्यावे लागतात. शेअर आणि म्युच्युअल फंड मोजत नाहीत. पतसंस्थेतली ठेव मोडून रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या बँकेत टाका. आणि नावं जुळवा. दाखल्यावर ‘सुनीता रमेश’, बँकेत ‘सुनिता आर.’, पासपोर्टवर तिसरंच असेल तर शपथपत्र आत्ताच करून ठेवा.

पैसे पाठवताना वर्षाला १० लाखांच्या वर टीसीएस (बँक आधीच कापून घेते तो कर) कापला जातो, मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवले तर नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना एक खोच आहे. काही योजना विद्यापीठाची एकूण जागतिक क्रमवारी मागतात. निव्वळ कला शिकवणाऱ्या संस्था त्या यादीत बसत नाहीत, त्यांचं स्थान विषयवार यादीत असतं. क्यूएस या जागतिक क्रमवारीच्या कला आणि डिझाइनच्या यादीत रॉयल कॉलेज ऑफ आर्ट गेली कित्येक वर्षं पहिलं आहे, तरी एकूण यादी मागणाऱ्या योजनेला त्याचा उपयोग नाही. अर्ज करण्याआधी योजनेच्या कार्यालयाकडून हे लेखी विचारून घ्या.

५. बॅगेत काय भरायचं

मांजरपाट इथून नेऊ नका, वजनाचं भाडं परवडत नाही. लंडनला शेफर्ड्स बुशजवळच्या गोल्डहॉक रोडवर कापडाची दुकानं आहेत, घासाघीसही चालते. पॅरिसला मोंमार्त्रच्या पायथ्याशी मार्शे सां-पियेर. इथून न्यायचं ते भुलेश्वर, तुळशीबागेत मिळणारं: लेस, हूक, बटणं, जर, टिकल्या, आरीची सुई. तिकडे यांचे भाव ऐकून घाम फुटतो. कात्र्या आणि टोच्या चेक-इन बॅगेतच.

घरचं शिलाई मशीन न्यायचं असेल तर आपला वीजदाब आणि ब्रिटनचा सारखाच आहे, फक्त प्लग बदलतो. तैवानी विद्यार्थ्यांना ते जमत नाही, कारण त्यांच्याकडे ११० व्होल्ट. तरीही पहिल्या वर्षी नेऊ नका. कॉलेजात औद्योगिक मशीन असतात, आणि त्यांच्यावर हात बसणं जास्त महत्त्वाचं.

हात बसण्यात अडचण कोणती येते ती आधी कळलेली बरी. आपले शिंपी इंचात मापतात आणि ढिलं-घट्ट करायला भरपूर माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) ठेवतात. तिकडच्या स्टुडिओत सगळं सेंटिमीटरमध्ये, शिवणीला माया साधारण १ सेंटिमीटर, गळ्याला त्याहून कमी. इंचभर माया ठेवून कापलेला गळा पलटवला की वळतच नाही. मापांचे क्रमांकही देशागणिक बदलतात: ब्रिटनचा १० म्हणजे फ्रान्सचा ३८ आणि इटलीचा ४२. पॅटर्नवर कोणत्या देशाचा क्रमांक ते लिहायची सवय लावून घ्या. संगणकावर इलस्ट्रेटर आणि इनडिझाइन यायलाच हवं. क्लो थ्रीडी (कपडे थ्रीडीत दाखवणारं सॉफ्टवेअर) आलं तर इंटर्नशिपला वजन येतं.

६. इंटर्नशिप शोधणं

स्टुडिओंना माणसं शोच्या आधी लागतात. महिलांचे शो फेब्रुवारी-मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क, लंडन, मिलान, पॅरिस या क्रमाने होतात, पुरुषांचे जानेवारी आणि जूनमध्ये. म्हणजे सप्टेंबरच्या शोसाठी माणसं जून-जुलैपासून हवी असतात आणि मेल मार्च-एप्रिलमध्ये जायला हवेत. शोच्या आठवड्यात मेल पाठवलात तर कुणी उघडत नाही. शो संपल्यावर दोन आठवड्यांनी पाठवलेल्याला मात्र उत्तर येतं, कारण जुने इंटर्न तेव्हाच निघालेले असतात.

मेल दहा ओळींत संपवा. विषयाच्या ओळीत पद, शहर आणि तारखा. आत पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण, कुठे शिकता, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत मोकळे आहात. मग त्या ब्रँडच्या कामातली एक नेमकी गोष्ट आणि तुम्हाला तसलं काय करता येतं: कुठली बाही, कुठली विणकामाची गेज, कुठलं फिनिशिंग. ‘तुमचं काम प्रेरणा देतं’ हे वाक्य सगळेच लिहितात. मग परवानगीची ओळ: प्लेसमेंट अभ्यासक्रमाचा भाग आहे आणि कॉलेज करारावर सही करेल. ही ओळ परदेशी विद्यार्थ्याच्या मेलमध्ये नसली की स्टुडिओ मॅनेजर पुढचा अर्ज उघडतो. सोबत एका पानाचा सीव्ही आणि ८ ते १० पानांची पीडीएफ, १० एमबीच्या आत, फाइलला तुमचं नाव. प्रवेशाचाच पोर्टफोलिओ पाठवू नका. इथे तुमचे हात दिसायला हवेत: पॅटर्न, शिवणीचे जवळून फोटो, उलटी बाजू, अस्तर, सपाट तांत्रिक आराखडे.

मोठ्या घराण्यांत इंटर्नला एकाच विभागात ठेवतात, कधी तीन महिने फक्त कापडाच्या नमुन्यांच्या नोंदी कराव्या लागतात. चार माणसांच्या स्टुडिओत ट्वाल कापण्यापासून कुरिअरपर्यंत सगळं पडतं. शिकायचं असेल तर पहिली इंटर्नशिप छोट्या जागी घ्या, सीव्हीवरचं नाव दुसऱ्या वेळी बघा.

मुलाखतीला शिवलेले दोन-तीन नमुने हातात घेऊन जा. नमुना उलटा करून आतली शिवण पाहणारा मुलाखतकार भेटला तर नशीब चांगलं समजा. काही ठिकाणी अर्ध्या दिवसाची चाचणी घेतात, ते रीतीला धरून आहे. ‘आठवडाभर येऊन काम कर, मग बघू’ हे नाही. त्या आठवड्यात शिवून घेतलेला माल दुकानात जातो.

रुजू होण्याआधी लेखी घ्या: सुरुवात आणि शेवटची तारीख, आठवड्याचे तास, तुमच्यावर देखरेख कोणाची, मोबदला किंवा प्रवासखर्च, विमा, आणि गुप्ततेच्या अटी. त्यातच विचारा की केलेल्या कामाचे फोटो पोर्टफोलिओत कधीपासून लावता येतील. शोच्या आधी फिटिंगचा एक फोटो स्टोरीवर गेला की इंटर्नशिप त्याच दिवशी संपते.

मोबदल्याचा ब्रिटिश नियम नीट समजून घ्या. ब्रिटनमधल्या अभ्यासक्रमाने सक्तीची केलेली आणि वर्षापेक्षा कमी मुदतीची प्लेसमेंट असेल तर किमान वेतन देणं बंधनकारक नाही. अभ्यासक्रमाबाहेरची ‘इंटर्नशिप’ असेल, ठरलेल्या वेळी यायचं आणि सांगितलेलं काम करायचं असेल, तर नाव काहीही असो, किमान वेतन लागू होतं. एप्रिल २०२६ पासून २१ आणि त्यावरच्या वयाच्यांना तासाला १२.७१ पौंड. प्लेसमेंटसाठीसुद्धा आधी पैसे विचारा, अनेक ब्रँड देतात. न विचारणाऱ्याला प्रवासखर्चावर भागवतात.

७. तासांची मोजणी आणि फ्रीलान्सचा सापळा

सत्र चालू असताना पदवीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला २० तास. आठवडा सोमवार ते रविवार. या आठवड्यात १० आणि पुढच्यात ३० करून सरासरी काढता येत नाही. बिनपगारी इंटर्नशिपचे तासही त्याच २० मध्ये धरतात. अभ्यासक्रमातली मंजूर प्लेसमेंट यातून वेगळी. काम सुरू करताना शेअर कोड (कामाची परवानगी ऑनलाइन दाखवणारा) आणि कॉलेजचं सत्रांच्या तारखांचं पत्र मागतात, ते आधीच काढून ठेवा. नॅशनल इन्शुरन्स नंबर (कर आणि विम्याच्या नोंदीचा) हातात नसला तरी काम सुरू करता येतं, अर्ज केलेला असला म्हणजे झालं.

आता सगळ्यात सहज होणारी चूक. विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगार पूर्ण बंद आहे. फॅशनमध्ये तर अर्धा धंदा स्वयंरोजगारावर चालतो: स्टायलिस्टला एका दिवसासाठी मदत, पॅटर्न कापून बिल देणं, इन्स्टाग्रामवर स्वतः शिवलेले टॉप विकणं, मैत्रिणीच्या लग्नाचा ब्लाउज पैसे घेऊन शिवणं. स्टुडिओने ‘इनव्हॉइस पाठव’ म्हटलं की थांबा. ‘पेरोलवर घ्या, नाहीतर जमणार नाही’ एवढंच उत्तर द्या. तैवानी वर्गमित्र बिनधास्त इनव्हॉइस पाठवताना दिसला तर तो बहुधा विद्यार्थी व्हिसावर नसून यूथ मोबिलिटी, म्हणजे ब्रिटनच्या वर्किंग हॉलिडे व्हिसावर आहे.

८. लंडनला शिकून पॅरिसला इंटर्नशिप

हे जमतं, पण वेळ हवा. तैवानी पासपोर्टवर शेंगेन (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय) देशांत ९० दिवस व्हिसाशिवाय जाता येतं, त्यामुळे ते लोक मुलाखतीला सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परत येतात. तुम्हाला मुलाखतीलाही शेंगेन व्हिसा लागतो, म्हणून पहिली मुलाखत व्हिडिओवर मागा. व्हिसाशिवाय प्रवेश म्हणजे कामाची परवानगी नव्हे, हे मात्र दोघांनाही सारखंच लागू आहे.

तीन महिन्यांपेक्षा जास्त इंटर्नशिपसाठी फ्रान्सचा प्रशिक्षणार्थींचा दीर्घ मुदतीचा व्हिसा काढावा लागतो आणि त्याआधी तिघांच्या सह्यांचा करार फ्रेंच प्रशासनाकडून मंजूर व्हावा लागतो. कंपनीने ‘पुढच्या सोमवारी ये’ म्हटलं तर ते शक्य नाही, हे पहिल्याच फोनवर सांगा. तिकडे असताना ब्रिटनचा व्हिसा चालू राहील का, हे कॉलेजच्या व्हिसा कक्षाला मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

पैसे घेऊन करार ‘मिळवून देणारे’ एजंट भेटतील. फ्रेंच नियमाने हा करार वर्षाला किमान २०० तास शिकवणाऱ्या खऱ्या अभ्यासक्रमाशी जोडलेला असावा लागतो. विकत घेतलेला कागद पकडला गेला की इंटर्नशिप आणि व्हिसा दोन्ही जातात.

९. डिग्रीनंतर

ब्रिटनचा ग्रॅज्युएट व्हिसा बीए, एमएवाल्यांना सध्या दोन वर्षांचा आहे. १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना १८ महिनेच मिळतील. अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच, विद्यार्थी व्हिसा संपायच्या आत आणि कॉलेजने निकाल गृहखात्याला कळवल्यानंतर करायचा. निकालाआधी घरी येऊन विद्यार्थी व्हिसा संपू दिलात तर ही संधी कायमची जाते. या व्हिसावर फ्रीलान्स करता येतं, म्हणून फॅशनवाल्यांना त्याचं मोल इतरांपेक्षा जास्त.

तैवानी वर्गमित्र ब्रिटनच्या यूथ मोबिलिटीच्या सोडतीत नाव घालतात, त्यांच्यासाठी वर्षाला १,००० जागा. फ्रान्स, जर्मनी, बेल्जियमशीही तैवानचे असे करार आहेत. त्यांच्या मुलांना सक्तीची लष्करी सेवाही असते, २००५ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना एक वर्षाची, तेव्हा त्यांचं वेळापत्रक तुमच्या उपयोगाचं नाही. भारतीयांसाठी ब्रिटनची यंग प्रोफेशनल्स योजना आहे: वय १८ ते ३०, पदवी हवी, वर्षाला ३,००० जागा, २,५३० पौंड शिल्लक, दोन वर्षांचा व्हिसा. सोडतीत नाव घालायला पैसे लागत नाहीत, पण व्हिसाचा अर्ज ब्रिटनबाहेरून करावा लागतो. नाव घालून देण्याचे पैसे मागणारा एजंट दारातूनच परत पाठवा.

नोकरीच्या जोरावर मिळणाऱ्या स्किल्ड वर्कर व्हिसाची सर्वसाधारण किमान पगारमर्यादा जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड आहे. सहायक डिझायनरच्या सुरुवातीच्या पगारात ती गाठणं कठीण. पॅटर्न कटिंग, प्रॉडक्शन, गारमेंट टेक्नॉलॉजी या बाजूंना माणसं कमी मिळतात. शेवटच्या इंटर्नशिपसाठी विभाग निवडताना याचाही विचार करा, आणि निघताना स्टुडिओकडून लेटरहेडवर कामाचं पत्र घ्या: तारखा, विभाग, कुठल्या कलेक्शनवर काम केलं ते, आणि सही करणाऱ्याचं पद. स्टुडिओ बंद पडतात, माणसं बदलतात. दोन वर्षांनी मागायला गेलात तर मेलला उत्तर द्यायलाही कुणी नसतं.